एडवणच्या वाळूत जळलेला क्लच

विश्राम मेस्त्रीला गाडीचं दुखणं नुसत्या वासावरून कळायचं. बोईसर स्टेशनाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तसे खडीचे ट्रक आणि जिपा त्याच्या दारात रांगा लावायला लागल्या आणि कुंभवलीच्या शेतकऱ्याचं हे पोर बघता बघता मेस्त्री झालं. हात सोन्याचा, पण मिरवायची खोड अशी की विचारू नका. नवा सदरा अंगावर चढला की गडी चार घरं जास्त फिरून यायचा! राग येतो अशा माणसाचा. पण त्याचं पुढे जे झालं ते ऐकलं की रागावायलाही जीव होत नाही.

सासष्ट सालचा मे महिना. प्रकल्पावरच्या एका परदेशी इंजिनिअरानं आपली लाल स्पोर्ट्स कार सायलेन्सर बसवायला विश्रामकडे टाकली आणि स्वतः आठ दिवस मुंबईला गेला. दोनच सीटा, वर छप्पर नाही, आणि बसलं की ढुंगण रस्त्याला टेकेल इतकी बुटकी. सायलेन्सर बसला, त्याच सकाळी एडवणहून निरोप आला, शकूला कळा सुरू झाल्यात. शकू म्हणजे विश्रामची बायको, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. एस.टी.ला अजून तास होता. विश्रामनं लाल गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला, ट्रायल बी होईल."

एडवणला दारातच साखरबाई सुईणीनं त्याला अडवलं. "पहिलटकरीण हाय, येळ लागंल. पुरुषांचं हितं काय काम? जावा किनाऱ्यावर."

"येळ पडली तर मोटर हाय!" विश्राम म्हणाला. तीन घरांना ऐकू जाईल असं म्हणाला.

किनारा घरामागेच होता. पावसाळा तोंडावर आलेला, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारायचे दिवस. त्याचा सासरा दामू तांडेल आपल्या होडीला दोर लावून बसला होता, पण निम्मा गाव लग्नाला गेलेला, ओढायला हात कमी. जावई लाल गाडीतून उतरताना बघून म्हातारा म्हणाला, "जावयबापू, ही तुमची मोटर कायतरी वढते का निस्ती पावडर लावून बसते?" पोरं फिदीफिदी हसली.

झालं! एवढंच पुरलं. विश्रामनं गाडी ओल्या घट्ट वाळूवर घेतली, चाकांखाली माडाच्या झावळ्या घातल्या आणि होडीचा दोर गाडीला बांधला. आता क्लच म्हणजे काय, तर इंजिनाचा जोर चाकांना देणारी तबकडी. पाय अर्धा दाबून धरला की ती नुसती घासत राहते. ट्रकची तबकडी परातीएवढी, ती हा छळ सोसते. हिची असेल थाळीएवढी. पण विश्रामचा पाय ट्रकवर शिकलेला. इंजिन बोंबलत होतं, पोरं "हैसा रे हैसा" करत होती, आणि त्यांच्यात विश्रामचा आवाज सगळ्यात वरचा. होडी हलली, वाळू कापत दहा वाव, म्हणजे साठेक फूट वर आली. लोकांनी टाळ्या पिटल्या. जळक्या ब्रेकपट्टीसारखा वास सुटला होता, तो नाकात शिरला, पण त्या घटकेला वास ओळखणारा मेस्त्री होता कुठे? तिथं होता तो गावचा जावई.

टाळ्या थांबायच्या आत साखरबाई धावत आली. तिचे हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले. "पोर आडवं हाय. एक हात बाहेर आलाय. माज्या हातचं नाय हे! पालघरला न्या, आत्ताच्या आत्ता!"

"मोटर हाय ना," दामू म्हणाला.

विश्रामनं गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन फिरलं, गाडी जागची हलली नाही. त्यानं हँडब्रेक ओढला, टॉप गिअर टाकला, पाय काढला. क्लच जिवंत असेल तर इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. ते आपलं मजेत चालू. पेडलचा रॉड पार ढिला करून पाहिला, काही नाही. खाली घुसून छोटं झाकण काढलं तर काळी पूड भसाभस तोंडावर पडली. तबकडीवरचं अस्तर जळून संपलं होतं, नुसते रिबीट उरले होते. ही क्लचची प्लेट मुंबईतही आठ दिवसांत मिळाली नसती.

"बैलगाडी जुंपू?" दामूनं विचारलं.

"पाच तास लागतील," साखरबाई म्हणाली. "ती पाच तास काढायची नाय."

आत शकू ओरडली. विश्राम वाळूत बसला, दोन्ही हातांनी डोकं धरलं. देवा, काय करून बसलो मी! मग एकदम उठला. "मामा, होडीचे जुने खिळे आणा. मोठे. आनि हातोडी."

प्लेट आता धरणार नव्हती, मग ती कायमची जखडून टाकायची. खिळे ठोकून त्यानं चपट्या पाचरी केल्या आणि त्या झाकणाच्या भोकातून प्लेट दाबणाऱ्या स्प्रिंगांमागे मारायला लागला. एक मारायची, इंजिनाचं चक्र हातानं फिरवायचं, दुसरी मारायची. बोटं सोलली, घामानं हातोडी निसटत होती, आणि घरातून दर किंकाळी आली की त्याचा घाव चुकत होता. सव्वा तास गेला. सव्वा तास! धड गाडी असती तर एवढ्या वेळात शकू पालघरला पोचून डॉक्टरांच्या हाती असती.

आता इंजिन आणि चाकं एकजीव झाली. गाडी ढकलूनच सुरू होणार, आणि थांबली की मेली. शकूला उचलून सीटवर बसवलं. तिसरं माणूस मावेना, म्हणून साखरबाई मागे राहिली. होडी वर काढणाऱ्याच हातांनी गाडी ढकलली, ती दोन आचके देऊन धावायला लागली.

वाटेत विश्रामनं गिअर बदलले ते निव्वळ कानानं, इंजिनाचा सूर धरून. शेळ्या आल्या, बैलगाड्या आल्या, हा हॉर्न वाजवत, शिव्या देत, काठाकाठानं काढत गेला. "शकू, बोल काईतरी. झोपू नको." शकू ओठ चावून त्याचा सदरा मुठीत धरून होती.

आणि पालघरचं रेल्वे फाटक बंद! दवाखाना फाटकापलीकडे.

थांबायची सोय नव्हती. बाजूच्या मोकळ्या मैदानात त्यानं गाडी वळवली आणि गोल फिरवायला लागला. एक चक्कर, दोन, पाच. फाटकावर टांगेवाले, बाजारकरी जमलेले. लाल गाडी, शेजारी बाई. लोक खूश! "वा रे पठ्ठ्या! बायकोला मिरवतोय बघा!" कोणी शिट्टी मारली. विश्राम ओरडत होता, "फाटक उघडा! बाई मरतीय!" इंजिनाच्या गोंगाटात कोणाला काय ऐकू येणार? लोक हात हलवत होते. अकराव्या चकरेला मालगाडी गेली, फाटक वर झालं, आणि तेवढ्यात खालून खाडकन आवाज आला. पाचरी निसटल्या. इंजिन चालू, गाडी उभी.

त्यानं शकूला उचललं आणि रूळ ओलांडून धावत सुटला. सीटवरचं रक्त दिसलं तेव्हा कुठे शिट्ट्या बंद झाल्या.

शकू वाचली. मुलगा गेला. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं तर दोघं मिळाली असती." कोणावर ठपका ठेवायला बोलले नाहीत ते, पण विश्रामच्या काळजात ते वाक्य रुतून बसलं.

साहेबानं गाडी ट्रकला बांधून नेली आणि प्रकल्पाचं काम तोडलं. त्याचं विश्रामला काही वाटलं नाही. त्यानंतर त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी दुरुस्त करायचा, ट्रायल दुसऱ्यानं घ्यायची. नवा सदरा शिवायचंही सोडलं.

एडवणात कोणी शकूला खरं सांगितलं नाही. ती मात्र येईल त्या बाईला कौतुकानं सांगायची, "आमच्या ह्यांनी मोडकी मोटर खिळे मारून चालवली, म्हणून मी जगले." विश्राम तिथून उठून जायचा. तीन वर्षं असा उठून जात राहिला.

एकोणसत्तरला मुलगी झाली. शकूला त्यानं महिनाभर आधीच दवाखान्याजवळ खोली घेऊन ठेवली होती. बारशाला बायका जमल्या, शकूनं पुन्हा तेच सांगितलं. बायका पांगल्यावर विश्राम पाळण्याशी येऊन बसला आणि रडायलाच लागला. "मोटर मोडकी नव्हती, शकू. मी जाळली. होडी वढायला गेलो, मिरवायला. पोराला मी मारलं."

शकू पाळण्याची दोरी ओढत राहिली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कोनी सांगितलं?"

"कोन कशाला सांगंल?"

"मग बायांना असं का सांगत फिरतेस?"

"काय सांगू मग? माज्या बापानं चिडवलं नि नवऱ्यानं होडी वढली, असं सांगू? दोघांना कोनी जगू दिलं असतं?" दोरी थांबली. "भिंतीपलीकडंच व्हते मी. हैसा हैसा करत तुमी वरडत व्हता. मी पन वरडत व्हते, तुमाला हाका मारत. तुमाला ऐकू नाय आलं."