थांबवायची तालीम

समजा, तुम्हाला एक नियम लिहायला बसवलंय. रुग्णालयात तपासणीचे नंबर आता यंत्र लावतं. त्याने चूक केली तर काय करायचं, एवढंच लिहायचं. तुम्ही कायदा शिकलेले. झोकात लिहिता, ‘गंभीर चूक आढळल्यास यंत्रणा तत्काळ थांबवावी.’ झालं. आता उठा आणि थांबवून दाखवा.

वकीलबाईंच्या वर्गात इथेच भल्याभल्यांची बोबडी वळायची.

एका संस्थेत त्या तरुण वकिलांना आणि धोरण आखणाऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेला वेसण कशी घालायची ते शिकवत. त्याआधीची सगळी वर्षं कोर्टात गेलेली. यंत्राने एका विधवेची पेन्शन चुकून बंद केली, ती केस त्यांनी जिंकली. हुकूम हातात आला आणि यंत्र पुढच्या महिन्यातही पेन्शन अडवून बसलेलं. ते थांबवायचं कुणी, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आग लागली तर बाहेर कसं पडायचं याची तालीम असते, तशी यंत्र थांबवायची तालीम त्यांनी त्यानंतर वर्गात सुरू केली.

एके दिवशी संचालक वर्गाच्या दारात आले. “बाई, उद्या ही यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे कायदाप्रमुख येतायत. आपल्या मुलांना नोकऱ्या तेच देतात. उद्या ती तालीम नको. छानसं भाषण ठेवा.”

“भाषणाने यंत्र थांबतं का?”

“मग पुढच्या सत्रापासून हा वर्ग दुसऱ्या कुणाकडे जाईल. बघा बुवा.”

घरी सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “इतक्या वर्षांत माझ्यापुढे कधी माघार घेतली नाहीस. तो संचालक कोण लागून गेला?”

“माझं सोडा हो. मुलांच्या नोकऱ्या आहेत.”

“मग त्यांनाच विचार. माझ्या उशीच्या अभ्र्याशी काय भांडतेस?”

बाईंनी पाहिलं, तर हातातल्या अभ्र्याचा पार बोळा झाला होता.

सकाळी त्यांनी वर्गापुढे सगळं जसंच्या तसं मांडलं. पहिल्या बाकावरची फटकळ मुलगी उठली. तिच्या पगाराकडे घर डोळे लावून बसलं होतं.

“बाई, नोकरी लागली आणि ऐन वेळी यंत्र थांबवता आलं नाही, तर शेकणार आमच्यावरच. घ्या तालीम.”

पाहुणे साहेब आले, मागच्या खुर्चीत ऐसपैस बसले. भिंतीवर रुग्णांची यादी उमटली. सगळी नावं खोटी. बाईंनी ठरवून केलेली चूक यंत्राला भरवली आणि म्हाताऱ्यांची नावं भराभर तळाला जाऊ लागली.

“थांबवा,” बाई म्हणाल्या.

तालमीत रुग्णालयप्रमुख झालेल्या मुलाने सरकारी अधिकारी झालेल्याकडे बोट दाखवलं. अधिकाऱ्याने वकिलाकडे. वकिलाने नियम मोठ्यांदा वाचून दाखवला. नावं घसरतच होती.

साहेब हसले. “अहो, यात काय अवघड आहे?”

“मग या ना पुढे. कंपनी तुमचीच. थांबवा.”

संचालकांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढला. “तांत्रिक विभागाला विचारावं लागेल.”

“विचारा की. आम्ही थांबतो. यंत्र थांबणार नाही.”

फोन वाजत राहिला. पलीकडून कुणी उचलेना.

“मीटिंगमध्ये असतील,” साहेब म्हणाले.

“आणि तळाच्या आजोबांना काय सांगू?” फटकळ मुलीने विचारलं. “मीटिंग संपेपर्यंत दम धरा?”

वर्ग खदखदून हसला. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र मावळलं होतं. यादीतलं शेवटचं म्हातारं नाव तळाला जाऊन बसलं, तसं बाईंनी यंत्राची वायर भिंतीतून उपटली.

“वर्गात हे जमतं,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडची वायर कुठाय, ते यांना शिकवायचंय.”

संचालक शब्दाला जागले. पुढच्या सत्राच्या पाटीवर बाईंचं नाव नव्हतं. फटकळ मुलीला त्या कंपनीने बोलावलं नाही. दुसरीकडे कुठे लागतंय का, ते ती बघतेय. रविवारी बाईंच्या जेवणाच्या टेबलाभोवती मात्र तालीम चालते. सासूबाई कधी रुग्णालयप्रमुख होतात, आणि राजीनामा द्यायला त्यांना फार आवडतं.

परवा एका सभेत साहेब समोर आले. नजर चुकवून सटकणार, तोच बाईंनी हात पुढे केला. त्यांनाही करावा लागला. बाईंनी तो घट्ट धरून ठेवला.

“साहेब, एवढंच सांगा. त्या दिवशीचा फोन मग कुणी उचलला का हो?”