वाडीचे लुगडे

पुण्याहून निघताना भाऊ म्हणाला, "असल्या दिवसांत बाईमाणसाने एकटीने प्रवास करू नये." मी म्हटले, "अरे, पांढरे लुगडे नेसून मुलींना गणित शिकवण्यात माझे केस पिकले. वर्गात पाऊल टाकले की मुलींची वाचा बसते. मला कोण काय करणार?" वादात मी सहसा हार जात नाही. या प्रवासात मात्र मला एक अख्खा दिवस तोंड मिटून काढावा लागला, आणि त्या दिवसाबद्दलच मला लिहायचे आहे.

लढाई संपली होती, पण तिने नेलेले काही परत आले नव्हते. साखर नाही, रॉकेल नाही, आणि कापड तर औषधालाही नाही. माझी जुनी विद्यार्थिनी मालती कुंडलच्या पलीकडे एका वाडीत शाळा चालवत होती. सुट्टीत या, म्हणून तिने फार आग्रह केला आणि मी थर्ड क्लासच्या डब्यात एका कोंबड्यांच्या पाटीला टेकून निघाले. कोंबड्यांनी माझ्या लुगड्याची काय दशा केली ते लिहीत नाही.

कोरेगावला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावर रजेवर आलेले, सुटून आलेले शिपाई पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरत होते. कुणाच्या गळ्यात हार पडत होते, कुणाची आई मुलाचे तोंड कुरवाळून कडाकडा बोटे मोडत होती. एक म्हातारा मात्र हार हातात घेऊन प्रत्येक डब्यात डोकावत गाडीच्या शेवटापर्यंत गेला आणि तसाच परत आला. आमच्या डब्याशी आल्यावर त्याने मलाच विचारले, "आवं बाई, फुडच्या गाडीला बी येत्यात न्हवं का?" मी "येतात" म्हटले. त्याशिवाय काय म्हणणार?

त्यापुढे दोन्ही बाजूंना उघडे डोंगर आणि कापून नेलेल्या शाळूची (रब्बी ज्वारी) रखरखीत राने. संध्याकाळी एका लहानशा स्टेशनवर उतरून बैलगाडीने वाडीत पोचले.

वाडीत पहिली गोष्ट जाणवली ती ही, की बायका दिसत नव्हत्या. दारे अर्धवट लोटलेली, फटीतून डोळे तेवढे दिसायचे. मला वाटले, गोषा पाळतात की काय! मालती म्हणाली, "बाई, गोषा नाही. नेसायला नाही." घरात दोघी जावा असल्या तर अंगभर असे लुगडे एकच. एक ते नेसून रानात जाते, तेव्हा दुसरी वाकळ (गोधडी) गुंडाळून आत बसते. रात्री माझ्यापुढे भाकरी, खरडा आणि घेवड्याचे कोरड्यास (भाकरीबरोबरचे कालवण) आले, पण घास काही उतरेना.

दुसऱ्या दिवशी मालतीने मला वाडीची युक्ती दाखवली. दोन पावसाळ्यांपूर्वी एक अडलेली बाळंतीण मिरजेला डॉक्टरकडे न्यायची होती. फाटक्यात दहा लोकांपुढे कसे जायचे, म्हणून घरच्यांनी एक दिवस घालवला, आणि त्या दिवसात ती गेली. मग वाडीतल्या बाया एक झाल्या. रेशनवर ज्या घरांच्या वाट्याला कापड आले त्यांनी आपला वाटा सोडला आणि सगळ्यांच्या मिळून एक चांगले इरकली लुगडे घेतले. ते कुणा एकीचे नाही, वाडीचे. बाजाराला किंवा रानात ते न्यायचे नाही. दवाखाना, कोर्टकचेरी, लग्न, मुलगी दाखवणे, एवढ्यासाठीच. नेसून आले की रिठ्याने धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि फातमाबीकडे पोचते करायचे.

फातमाबी ही वाडीतल्या शिंप्याची बायको. लुगडे तिच्याकडेच का, असे विचारले तर ती हसली. "माझी भावकी हाय का हितं? मी कुनाकडनं वडायची? जिची नड मोठी तिला मी देती. रुसली तर रुसू दे." तिने पेटीतून लुगडे काढून दाखवले. हिरवे, करवतकाठी, घडी अशी की कापडाच्या दुकानातही घालणार नाहीत. माझ्या मनात आले, पुण्यात सभा भरवून ठराव करणाऱ्या आम्हा बायकांना हे सुचले नसते. मी तसे म्हटलेही.

"पर ह्ये दुसरं हाय, बाई," फातमाबी म्हणाली. पहिले लुगडे नेसून एक बाई भावाच्या लग्नाला गेली होती. तिथे मांडवातच तिला नवरा लढाईत गेल्याचे कळले. ज्या लुगड्यात बाईने असले ऐकले, ते कुठलीही सवाष्ण पुन्हा अंगाला लावत नाही, अशी इकडची रीत. लुगडे तिलाच देऊन टाकले आणि वाडी पुन्हा वर्षभर दारे लोटून बसली.

माझे डोके तडकले. मी चांगले खडसावले. कापडाला काय कळते? सुताला काय विटाळ? आजूबाजूच्या दारांआडून सगळ्या बायांनी नीट ऐकून घेतले, एकीनेही उलट शब्द काढला नाही, आणि एकीचेही मत बदलले नाही. असल्या श्रोत्यांपुढे बोलण्यासारखी शिक्षा नाही.

मी निघायच्या बेतात होते तेव्हा शेवंता आली. पंचविशीची, काटक, मोठे कुंकू. तिचा नवरा ब्रह्मदेशातल्या लढाईवर गेलेला. बरोबरीचे परत आले, त्याचा मात्र पत्ता नाही. साताऱ्याच्या शिपायांच्या कचेरीतून निरोप आला होता की घरच्या कुणीतरी येऊन भेटावे. दीर आंधळा, जाऊ भोळी. मीही साताऱ्यावरून पुण्याला जाणार होते, म्हणून मालतीने तिला माझ्या हवाली केले. फातमाबीने तिच्या हातात लुगडे ठेवले आणि म्हणाली, "जपून, पोरी." वाडीतली प्रत्येक बाई त्या दिवशी दाराच्या फटीतून पाहत होती. शेवंताच्या नवऱ्याची काळजी होतीच, पण लुगड्याचीही होती, हे कुणी लपवले नाही. तिसऱ्याच दिवशी वाडीतल्या कोंडाबाईच्या कृष्णीला दाखवायला न्यायचे होते.

कोरेगावहून साताऱ्याची मोटर कोळशाच्या धुरावर चालणारी. चढ आला की ती खोकायची आणि आम्ही उतरून चालायचो. ड्रायव्हर म्हणाला, "चला, गड्यांनो, हात लावा." माझ्याकडे पाहून त्याने "आजी, तुमी नुसतं म्हागनं या," अशी सवलत दिली. आजी! शेवंता पदर तोंडाला लावून हसली. तिला प्रवासाची भारी हौस. डोंगर, टांगे, साताऱ्यातले विजेचे दिवे, सगळे तिला हवे होते. त्या रात्री धर्मशाळेत ती भिंतीला न टेकता बसून झोपली. टेकले तर चुना लागेल.

सकाळी कचेरीत निघताना मी तिला म्हटले, "हे बघ, मला तुमची रीत पटत नाही. पण तुला धास्ती असेल तर माझ्याकडे एक जास्तीचे लुगडे आहे, ते नेस. हे घडी करून ठेव." तिचे स्वतःचे जुने जाऊ नेसून बसली होती, हे मला ठाऊक होते.

तिने माझ्या हातातल्या पांढऱ्या लुगड्याकडे पाहिले. "बाई, ह्ये पांढरं नेसून मी सायबाला कसं इचारू, मालक जितं हायत का म्हनून?"

मला स्वतःचीच चीड आली. मी लुगडे पिशवीत कोंबले.

कचेरीच्या पायरीवर ती थांबली. "बाई, तुमीच आत जावा. मी हितं बसते. काय सांगत्याल ते तुमी ऐका. मला आत्ता सांगू नगा. मी घरला जाऊन ह्ये लुगडं सोडंन, मग सांगा."

"आणि बातमी चांगली असली तर?"

"तरीबी नगा सांगू. चांगलं तेवढं सांगितलं, तर गप बसल्यावर मला कळंल की."

ही गोष्ट तिने कधी आणि किती विचार करून ठरवली असेल, देव जाणे.

आत एक पेन्शनर सुभेदार होते. त्यांनी मला खुर्ची दिली, तेव्हाच मी समजले. ते फार हळू बोलले. नदी ओलांडताना गेला, बरोबरच्यांनी पाहिले, आता शंका उरली नाही. "तिला आत बोलवा, मी सांगतो," ते म्हणाले. मी म्हटले, "तिला आज ऐकायचे नाही." ते खेडेगावचेच. त्यांनी खिडकीतून पायरीवरच्या हिरव्या लुगड्याकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

मी तोंडावर पाणी मारून बाहेर आले. "चल," म्हटले. माझा पुण्याचा बेत संपला होता. मी तिच्याबरोबर परत फिरले. तिने त्याचेही कारण विचारले नाही.

परतीच्या वाटेवर ती सारखी बोलत होती. मालकांना कोरड्यास कसे तिखटजाळ लागते, लग्नात ते कसे घोड्यावरून घसरले, आल्यावर वरच्या तालीला (बांधाला) दगड कसे रचायचे. मी "हं", "हो का" म्हणत होते. मुलींना उभ्या जन्मात खोटे बोलू दिले नाही मी. त्या दिवशी माझा प्रत्येक हुंकार खोटा होता. मी दोनदा खोकल्याचे सोंग करून तोंड फिरवले.

मोटर खड्ड्यात आदळली आणि तिची एक बांगडी वाढली. कोरेगावच्या बाजारात कासार बसला होता. त्याने हाक मारली, "या, ताई, हिरवा चुडा भरतो." ती थबकली आणि माझ्याकडे वळली.

"भरू का, बाई?"

तिने साधेपणानेच विचारले असेल. मी त्या काकणांकडे पाहिले, तिच्या मनगटाकडे पाहिले, आणि माझ्याने "भर" म्हणवले नाही. "गाडी चुकेल. चल," मी म्हटले.

स्टेशनवर कळले, गाडीला बराच उशीर आहे. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. बाजार तिथून दिसत होता. ती परत जाऊ म्हणाली नाही, मीही म्हटले नाही. त्यानंतर ती मालकांविषयी बोलली नाही. शिवारातल्या विहिरींविषयी थोडे बोलली.

वाडीत पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मालती आणि फातमाबी शेवंताच्या अंगणात येऊन बसल्या होत्या. शेवंता कुणाशी न बोलता आत गेली. आत जावेने आपल्या अंगावरचे ठिगळांचे लुगडे सोडून तिला दिले आणि स्वतः वाकळ गुंडाळली, हे दाराआडच्या बोलण्यावरून समजत होते. थोड्या वेळाने ती ते ठिगळांचे नेसून बाहेर आली. हातात हिरव्या लुगड्याची घडी होती. ती तिने फातमाबीच्या ओंजळीत ठेवली. फातमाबी ते छातीशी धरून अंगणाबाहेर गेली, पार रस्त्यापलीकडे, म्हणजे काही कानावर येणार नाही. मग शेवंता माझ्यासमोर खाली बसली.

"आता सांगा."

मी सांगितले. सुभेदारांनी सांगितले होते तसेच, एक शब्द कमी नाही. ती ऐकत होती. सगळे झाल्यावर म्हणाली, "कासारापाशीच कळलं हुतं मला. पर तुमी सांगितलं न्हाई, म्हंजी मी ऐकलं न्हाई."

पुन्हा तीच म्हणाली, "मी गाडीत येवढी बोलले. तुमाला लय जड गेलं असंल, बाई."

आणि मग ती रडली. आतून जावेचा हंबरडा आला. मीही रडले; शाळेत माझ्या धाकाने चळाचळा कापणारी मालती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

सकाळी स्टेशनला जायच्या बैलगाडीत मी चढले, तेव्हा आत कोंडाबाई आणि तिची कृष्णी आधीच बसल्या होत्या. पलूसच्या पाहुण्यांकडे दाखवायला निघाल्या होत्या. कृष्णीने रातोरात धुऊन वाळवलेले हिरवे लुगडे नेसले होते. मुलगी लाजून चूर झाली होती आणि तोंडावर सारखे हसू येत होते, ते ती दाबत होती. वाडीत दुःख झाले आहे, आपण हसू नये, असे तिला कुणीतरी बजावले असावे. गाडी सुटणार इतक्यात फातमाबी धावत आली.

"कृष्णे, शेवंतानं निरोप दिलाय. पदराजवळ काठ उसवलाय, मोटरीतल्या खिळ्याला अडकून. त्यो भाग आत घे आन् बसताना जप."

कृष्णीने पदर चाचपला, उसवलेला भाग आत मुडपला आणि ताठ बसली.

पुण्याला येईपर्यंत मी त्या रीतीवर चरफडत होते. तिच्यापायी एका बाईला आपल्या नवऱ्याचे मरण रस्ताभर पदरात बांधून आणावे लागले. आजही मला ती रीत मान्य नाही, आणि कुणी तिची बाजू घेतली तर मी भांडेन. पण कचेरीच्या पायरीवर मी तोंड उघडले असते, तर ती कृष्णी त्या सकाळी वाकळ गुंडाळून दाराआड बसली असती.