शेततळ्यातला बीपीचा क्लास

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढच्या प्रकरणात अक्कल सगळ्यांकडे होती, फक्त माझ्याकडे नव्हती.

स्कॉटलंडमध्ये फिजिओथेरपी शिकले, तिथली नोकरी सोडली आणि चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावी परतले. कशासाठी? तर गावाची तब्येत सुधारायला. गावाने तसं काही मागितलं नव्हतं.

माझ्या थोरल्या काकांचं, म्हणजे मोठ्या बाबांचं, बीपी चढलेलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि रोज व्यायाम सांगितला. पण गुडघे चालू देतील तर ना. मी म्हटलं, पाण्यात करू, तिथे गुडघ्यांवर भार येत नाही. डॉक्टरही हो म्हणाले. मग काय, बीपीवाले आणखी पाच जण गोळा केले.

तलाव कुठून आणायचा? आमचं शेततळं होतं की. मे महिना, पाणी कमरेएवढंच उरलेलं. माझ्या पुस्तकातल्या चित्रात अगदी एवढंच होतं.

मोठी आई, म्हणजे काकू, काठावरून म्हणाली, "उतरनं तं होईन बाई. पन निघाचं कसं?"

"मोठी आई, आपण सुरुवातीलाच घाबरतो, म्हणून मागे राहतो."

हो, असं मी खरंच म्हणाले.

तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद. सगळे बसून घसरतच खाली आले. मोठे बाबा तर हसत आले. मला वाटलं, काय हा उत्साह.

अर्धा तास झकास गेला. हात वर, गुडघा वर, श्वास सोडा. मग मी म्हटलं, "आजचं झालं. चला वर."

गजाननभाऊ तीन पावलं चढले आणि पोटावर घसरत परत आले. पुन्हा चढले, पुन्हा आले. शेवाळाने कागद साबणासारखा झालेला. पाणी कमी म्हणजे चढायचा उतार लांब, हे पुस्तकात नव्हतं. मी जोरात पळत चढायला गेले, ती देवकाबाईंना घेऊनच पाण्यात बसले.

"म्याडम, हे बी व्यायामातच हाये का?" देवकाबाईंनी विचारलं.

"हो. हा शेवटचा, शरीर थंड करायचा भाग."

"थंड तं कवाचेच झालो आमी."

माझं लक्ष मोठ्या बाबांकडे. चेहरा लाल दिसत होता. यांना काही झालं तर?

"मोठे बाबा, घाबरू नका."

"मी कायले घाबरू? तूच थरथरून राहिली."

तोवर मोठ्या आईने ट्रॅक्टर आणवला होता. दोर खाली आला. एकेकाच्या कमरेला बांधून सहाही जण वर गेले. माझ्या वेळेला दोर अर्ध्यातच थांबला.

"तुले बी काढू," वरून मोठ्या आईचा आवाज आला. "पन उद्यापासून क्लास मी घेईन. कबूल?"

दात वाजत होते. मान हलवली.

मला वाटलं, उद्या कोण येतंय. नऊ जण आले. काठावर खुंट ठोकलेला, खुंटाला गाठी मारलेला दोर, आणि मोठी आई लुगडं खोचून पाण्यात. महिन्याभराने मोठ्या बाबांचं बीपी तपासून डॉक्टर खूश झाले.

मी रोज काठावर बसून त्यांच्या व्यायामाचे एक-दोन-तीन मोजते. परवा धीर करून विचारलं, "मी पण उतरू का?"

मोठी आई क्लासकडे वळून म्हणाली, "तिले राहू द्या वरच. तिले अजून निघता येत नाई."