घमेलंभर कणी

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो, पण काल गिरणीत तांदळाच्या ताज्या कणीचा वास आला आणि वाटलं, आता बोलून टाकावं. नव्वदीच्या दशकात रोह्यात माझा शेजारी टांगा हाकायचा. तो बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू. वर्षातून एकदा ते लोक दिवसभर दार लावून क्षमा मागायचा उपास करत, आणि त्या दिवशी त्याच्या घोड्याचं दाणापाणी माझ्याकडे असे. एका वर्षी त्याने एक डबा दाणा सांगितला होता. घोड्याच्या बरगड्या पाहून मला दया आली, मी घमेलंभर कणी पुढ्यात ठेवली. दोन दिवसांनी घोडा पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभा होता. खूर हाताला चटका देईल इतके तापलेले. "खुराच्या आत सूज आलीय," जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "वरचं कवच कठीण, सुजेला पसरायला जागा नाही. दाणा जास्त झाला का?" "नाय साहेब," माझ्या खांद्यावर हात ठेवून शेजारी म्हणाला, "हा मापाचा पक्का हाय. मीच त्याला खांब गावापर्यंत डांबरावर पळवला." मी पाण्याची बादली भरायला गेलो. तो रोज घोड्याचे पाय थंड पाण्याने भिजवत "चुकलं रे माझं" म्हणत राहिला, आणि महिन्याभरात घोडा गेला. पुढे शेजारी कुटुंबासह इस्रायलला निघाला. स्टेशनवर त्याने मला मिठी मारली तेव्हा 'चूक माझी होती' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी म्हणालो, "सामान नीट मोजलंस ना?"