लहान ताऱ्याचा दृष्टांत

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला! चाळीस वर्षे निरूपण केले. पण आपल्याच दृष्टांताने आपलेच घर रिकामे करणारा निरूपणकार माझ्याखेरीज दुसरा दाखवा!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. चंदीगडमध्ये जन्मभर नोकरी केलेली, घरही इथेच बांधलेले. मुलाला, श्रीधरला, सेक्टर तीसमध्ये क्वार्टर मिळाले. सून हळूच म्हणाली, "बाबा, आम्ही तिकडे राहायला जावे म्हणतो."

पत्नी केव्हाच देवाघरी गेलेली. मग एवढ्या घरात कोण? मी आणि देव्हारा!

'जाऊ नका' म्हणणे मानी स्वभावाला जमेना. ठरवले, गणेशोत्सवात मराठी मंडळात निरूपण आहे, तिथूनच ऐकवावे.

दृष्टांत नातीने पुरवला. "आजोबा, छोटे तारे में गर्मी कम होती है। इसलिए ग्रह को उसके एकदम पास रहना पड़ता है।"

"थांब, मिळाला!" मी ओरडलो.

"अरे, पूरी बात तो सुनो!"

कोण ऐकतो? दृष्टांत सापडला की निरूपणकाराचे कान मिटतात.

मंडपात मी रंगलो. "वृद्ध पिता हा लहान तारा. त्याची ऊब थोडी. लेकराने निकट राहावे. दूर गेले की गोठलेच!" बायकांनी डोळे पुसले. श्रीधरची मान खाली. जिंकलो की नाही?

तोच विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवणाऱ्या बाई उठल्या. "काका, दृष्टांत गोड आहे. पण असले तारे फार तापट. सारखे भडकतात. जवळच्या खडकाळ ग्रहाचे वातावरण उडून जाऊ शकते. ते टिकते का, हेच तर आम्ही शोधतोय."

मागून एका हवाईदल अधिकाऱ्याची पत्नी म्हणाली, "म्हणजे सासऱ्यांजवळ सुनेचा जीव गुदमरतो, हे आता विज्ञानही मानते!"

मंडप हसला. माझी सून तेवढी हसली नाही. तेच झोंबले हो!

मी काकुळतीने विचारले, "पण बाई, वय झाले की तारा निवत असेल ना?"

"निवतो ना काका. पण तोवर वातावरण बहुधा गेलेले असते."

आता गप्प बसावे की नाही? पण व्यासपीठावर हार मानीन तर मी कसला! छाती काढून म्हणालो, "हेच तर मला सांगायचे होते! म्हणून लेकरांनी थोडे दूरच राहावे!"

काय त्या टाळ्या! श्रीधरने तिथेच पाय धरले. "बाबा, तुम्ही इतक्या मोठ्या मनाने परवानगी द्याल, असे वाटले नव्हते."

"आणि बाबा," सून डोळे पुसत म्हणाली, "गृहप्रवेशाचा मुहूर्त मात्र तुम्हीच काढायचा."

काढला. दोन दिवसांनंतरचाच निघाला.