तलवारीवरचं कुंकू

कडावच्या त्या सुताराला मी कधी घाईत पाहिलं नाही. काहीही काम सांगा, तो आधी कानावरची पेन्सिल जिभेला लावायचा आणि म्हणायचा, "बगू." आमच्या नाटकाच्या तालमीलाही दाराशी उकिडवा बसून सगळं ऐकायचा.

नाटक माझं आणि त्यातला शूर राजाही मीच. छाती सोडली तर बाकी सगळं राजाला साजेसं होतं. राजाची लाकडी तलवार करायला मी त्याला चित्र काढून दिलं. मुठीवर पराक्रमाचा सिंह, पात्यावर सत्याचा सूर्य.

"ह्यो बोका कशापायी, मास्तर?" त्यानं अगदी मनापासून विचारलं.

हत्यारं पुजायच्या दिवशी, खंडेनवमीला, प्रयोग होता. सकाळी तलवार आणायला गेलो, तर ती करवती-रंध्यांच्या शेजारी पाटावर मांडलेली. रुपेरी पात्यावर कुंकवाची बोटं, मुठीला झेंडू.

"अहो, लाकडाची आहे ती! रंगाचा सत्यानाश केलात!" म्हणत मी धोतराच्या सोग्यानं कुंकू खसाखसा पुसलं.

तो पेन्सिल शोधू लागला. ती कानावरच होती. मग हळूच म्हणाला, "तुमचा राजाच बोलतो ना, पुजल्याबिगर हत्याराला हात लावायचा नाय?"

वाक्य माझंच होतं, तिसऱ्या अंकातलं.

संध्याकाळी ते मी छाती फुगवून म्हटलं. टाळ्या पडल्या. पुढं मातीत बसलेल्या सुतारानं टाळी वाजवली नाही, त्यानं तलवारीला हात जोडले. पुसलेल्या कुंकवाचा फराटा राहिलेली बाजू त्याला दिसू नये म्हणून मी माझ्याकडं वळवून धरली.