टाचांमागून

गरम डांबराचा वास आला की फ्रीगंजचा रस्ता आठवतो. नवं राज्य झालं आणि ह्यांचं सरकारी दफ्तर भोपाळला गेलं, त्याबरोबर हेही. तिथे घर मिळेपर्यंत मी उज्जैनलाच राहिले. पहिल्यांदाच एकटी भाजीला निघाले आणि रस्त्याच्या कडेला थबकले. एरवी हे पुढे चालायचे, मी डोक्यावर पदर घेऊन मागे, नजर ह्यांच्या टाचांवर. रस्ता असा मी कधी पाहिलाच नव्हता. शेवटी एक अनोळखी गृहस्थ रस्त्यात उतरले, तशी मी त्यांच्या टाचांमागे चालू लागले. ते मध्येच एका टांग्यात चढले आणि मी भर रस्त्यात उरले. बस कचकन थांबली. "बाई, किसके साथ हो?" ड्रायव्हर ओरडला. हे देवाघरी जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण रस्ता ओलांडताना नजर अजून आधी टाचाच शोधते.